फ्रॅटर्निटीच्या शेजाऱ्यांसाठी: निओश साउंड लेव्हल मीटर

अमेरिकेत कोलोरॅडोतील बोल्डरच्या युनिव्हर्सिटी हिलवर अनेक फ्रॅटर्निटी (विद्यार्थ्यांचे निवासी क्लब) 2005 पासून विद्यापीठाच्या मान्यतेशिवाय चालतात. पार्टीच्या आवाजाची तक्रार त्यामुळे शहराच्या पोलिसांकडेच करावी लागते. तिथे निवासी भागात रात्री 11 ते सकाळी 7 या वेळेत आवाजाची मर्यादा 50 डेसिबल (ए) आहे; ‘ए’ म्हणजे मानवी कानाप्रमाणे खालचे सूर कमी धरणारी ए-वेटिंग मोजणी. ‘फार आवाज आहे’ एवढ्यावर भागत नाही, आकडा लागतो. त्यासाठी निओश या अमेरिकी सरकारच्या कामगार सुरक्षा-आरोग्य संस्थेचे हे मोफत अ‍ॅप आहे, तेही फक्त आयफोनवर. अँड्रॉइडवाल्यांनी नाद सोडावा.

फोनचे कव्हर काढा, हात लांब करून छातीच्या उंचीवर धरा आणि भिंतीपासून 3 मीटर दूर उभे राहा. भिंतीवरून परतणारा आवाज आकडा फुगवतो. वारा असेल तर मोजूच नका. किमान 5 मिनिटे चालवून ‘एलएईक्यू’ ही सरासरी पाहा. एखाद्या आरोळीने उसळलेला कमाल आकडा पुढे केलात तर समोरचा लगेच खोडून काढेल. गाणी थांबली की परिसराचा आवाजही मोजा. फरक 3 डेसिबलहून कमी असेल तर तक्रारीत दम नाही.

खरी अडचण बासची, म्हणजे खालच्या सुरांच्या ठोक्यांची. ए-वेटिंग 63 हर्ट्झच्या खालच्या सुराला 26 डेसिबल वजा करते: खिडक्या थरथरवणारा 80 चा ठोका पडद्यावर 54 दिसतो. म्हणून बास जवळपास पूर्ण धरणाऱ्या सी-वेटिंगवरही मोजा आणि दोन्ही नोंदी ठेवा.

अचूकता साधारण ±2 डेसिबल, म्हणून 51 वर भांडू नका. पोलिसांच्या प्रमाणित मीटरची जागा हे घेत नाही, पण फोन कधी करावा हे नेमके कळते. पाचपैकी चार.