पंचावन्न मुलं, पस्तीस मिनिटं: प्रयोग टेबलावर की बाकावर?

सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या नागपुरातल्या शिक्षकापुढे सत्र सुरू होताना हा प्रश्न हमखास उभा राहतो. बालभारतीच्या पुस्तकात जागोजागी ‘करून पहा’ आहे. वर्गात पन्नास-पंचावन्न मुलं, तासिका पस्तीस मिनिटांची, आणि प्रयोगशाळा असलीच तर ती बहुतेक वेळ दहावीला दिलेली. मग प्रयोग आपणच टेबलावर करून दाखवायचा, साहित्य मुलांच्या हाती द्यायचं, प्रकल्प घरून करून आणायला सांगायचा, की बस ठरवून रमण विज्ञान केंद्र गाठायचं? चारही गोष्टी शेऱ्यात ‘कृतियुक्त अध्यापन’ म्हणूनच लिहिल्या जातात, पण मुलांच्या पदरात पडतं ते वेगवेगळं. माझं मत आधीच सांगते. हात हलले म्हणजे शिकणं झालं असं नाही. हात हलण्याआधी मुलाला अंदाज बांधावा लागला का, एवढं बघा आणि त्यावरून निवडा.

टेबलावरचं प्रात्यक्षिक सगळ्यांत सोपं. साहित्याचा एकच संच लागतो, वेळ आपल्या हातात राहतो, काच फुटत नाही, कुणी भाजत नाही. आम्ल, स्पिरिटचा दिवा, उकळतं पाणी असलेले प्रयोग तर टेबलावरच व्हायला हवेत, त्यात वाद नाही. अडचण मागच्या बाकांची आहे. तिथल्या मुलाला परीक्षानळीतला रंग बदललेला दिसत नाही, आणि दिसला तरी त्याला काही ठरवायचं नसतं. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांच्या गटानं २००४ मध्ये नेमकी हीच गोष्ट तपासली. ज्यांनी प्रात्यक्षिक नुसतं पाहिलं, त्यांची समज प्रात्यक्षिक न पाहिलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा फारशी बरी नव्हती. ज्यांनी आधी ‘काय होईल’ ते नोंदवलं आणि मग पाहिलं, त्यांना मात्र स्पष्ट फायदा झाला. त्या नोंदीला जेमतेम दोन मिनिटं लागतात. म्हणजे टेबलावरचा प्रयोग निवडणार असाल, तर नळीत काहीही ओतण्याआधी थांबा, वहीत एक ओळ लिहून घ्या, हात वर करायला सांगा, फळ्यावर मतं मोजा. आपल्या मताच्या बाजूनं किती हात आहेत हे दिसलं की मागचा बाकही मान उंचावून बघायला लागतो.

आता बाकावरचा प्रयोग. साधा विद्युत परिपथ घ्या. चार मुलांच्या गटाला दीड व्होल्टचा एक सेल, टॉर्चचा तारेचा एक बल्ब आणि दोन्ही टोकं सोललेली एकच वायर द्यायची. सांगायचं एवढंच की बल्ब लावून दाखवा. होल्डर द्यायचा नाही, दुसरी वायर द्यायची नाही. बहुतेक गट आधी वायरचं एक टोक सेलच्या टोपीला आणि दुसरं बल्बच्या बुडाला टेकवतात. ‘मॅडम, लागूनच नाही राहिला ना!’ हे वाक्य मग चारही कोपऱ्यांतून येतं. याच वेळी आपण उत्तर द्यायचं नाही. थोड्या वेळात कुणीतरी बल्ब थेट सेलवर उभा करतं, वायर सेलच्या खालच्या बाजूला लावून तिचं दुसरं टोक बल्बच्या आट्यांना भिडवतं, आणि बल्ब लागतो. बल्बला दोन जागी जोडावं लागतं, एक बुडाशी आणि एक बाजूच्या धातूला, हे पुस्तकातल्या आकृतीवरून वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. आकृतीत बल्ब होल्डरमध्ये बसलेला असतो आणि होल्डर नेमकी तीच गोष्ट झाकतो.

(यासाठी एलईडी घेऊ नका. एका सेलवर तो नीट लागत नाही, उलटा जोडला तर मुळीच नाही, आणि मुलं भलत्याच कारणामागे लागतात. तारेचे बल्ब हल्ली कमी मिळतात, तेव्हा विजेच्या सामानाच्या जुन्या दुकानात विचारा. आणि वायर सेलच्या दोन्ही टोकांना सरळ जोडली तर ती तापते, हे वाटप करण्याआधीच सांगा.)

यात वेळ जातो, हे खरं. पंचावन्न मुलांचे चौदा गट होतात. साहित्य वाटायला पाच मिनिटं, अंदाजाला चार, करायला बारा, बोलायला आठ, गोळा करायला पाच, असं धरलं तर तासिका संपली. म्हणून साहित्य गटवार पिशव्यांत आधीच भरून ठेवावं आणि वाटायला प्रत्येक रांगेतलं एक मूल नेमावं. गट चारापेक्षा मोठा नको. सहा जणांत दोघं करतात आणि चौघं बघतात, म्हणजे बाकावर पुन्हा टेबलच आलं. आवाज होणार, तेव्हा मुख्याध्यापकांना आणि शेजारच्या वर्गाला आदल्या दिवशी कल्पना द्यावी.

आपल्या मुलांना हे झेपेल का, असं विचारणाऱ्यांसाठी उदाहरण फार दूरचं नाही. इथून रेल्वेनं उत्तरेला गेलं की लागणाऱ्या मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा सरकारी शाळांपासून असंच विज्ञानशिक्षण सुरू झालं आणि २००२ पर्यंत चाललं. गावातल्या शाळा, साधं साहित्य, आणि प्रयोग मुलांच्या हातात. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून त्रिकोण, चौकोन, मनोरे जोडायची अरविंद गुप्ता यांची युक्तीही त्याच वातावरणातली. भूमितीला ती आजही तितकीच चालते: चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. पुलाच्या सांगाड्यात इतके त्रिकोण का असतात, हा प्रश्न मग मूल स्वतःहून विचारतं.

मात्र साहित्य दिलं आणि मोकळं सोडलं, तर बाकावरचा प्रयोगही फुकट जातो. नवख्या मुलाला मार्गदर्शन लागतंच. एक प्रश्न, एक अंदाज, शेवटी फळ्यावर एकत्र चर्चा, एवढी चौकट हवी. शेवटची आठ मिनिटं कापायची वेळ आली, तर प्रयोगच लहान करा. चर्चा कापू नका.

घरून करून आणायच्या मॉडेलबद्दल थोडक्यात सांगते. थर्माकोलचा ज्वालामुखी आणि रंगवलेली सूर्यमाला शाळेच्या प्रदर्शनात शोभून दिसते, पण त्यात आईबाबांची रात्र आणि स्टेशनरीच्या दुकानातला खर्च जास्त असतो. ज्या घरात दोन्ही नाही, ते मूल त्या दिवशी शाळेतच येत नाही. माझा कौल याला नाही. प्रकल्प हवाच असेल तर अमावस्येनंतर पंधरा दिवस रोज संध्याकाळी एकाच वेळी चंद्र कुठे दिसतो ते वहीत काढायला सांगा. त्याला खर्च नाही आणि ते दुसऱ्या कुणाला करून देता येत नाही.

सहलीचं गणित वेगळं. गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून आहे. तिथली बरीच उपकरणं हात लावून चालवायचीच आहेत, आणि तारांगणात दिसतं ते शाळेला कधीच दाखवता येणार नाही. पण मुलांचा लोंढा आत शिरला की बटणं दाबत पुढे पळतो. उपाय सोपा आहे: आधी एकदा स्वतः जाऊन या, फक्त तीन उपकरणं निवडा आणि प्रत्येक गटाला एकाच उपकरणाबद्दल एकच प्रश्न द्या. बाकीचं मुलांनी मनाप्रमाणे हिंडून बघावं. बसचा खर्च आणि पालकांची संमतिपत्रं बघता हे वर्षातून एकदाच जमतं. दिवाळीनंतर ते जानेवारी हा काळ बरा. मार्चनंतर नागपूरच्या उन्हात मुलांना बाहेर काढू नये.

बस जमत नसेल तर मातीचा प्रयोग करा. एका बाटलीत शेतातली काळी माती, दुसरीत कन्हानची रेती, दोन्हींत पाणी, खळखळून हलवायचं आणि खिडकीत ठेवायचं. हलवण्याआधी अंदाज: कुठलं पाणी आधी निवळेल? रेती बघता बघता तळाशी बसते. काळ्या मातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसतं. आपल्याकडे उन्हाळ्यात जमिनीला भेगा का पडतात, पावसाळ्यात ती चिखल होऊन पायाला का चिकटते, याची चर्चा त्या बारीक कणांपासून सुरू होते. खर्च जवळपास शून्य.

पालक विचारतात, ‘यानं मार्क वाढतात का?’ २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास होत होते, कृतियुक्त वर्गांत सुमारे २२ टक्के. ती मुलं महाविद्यालयातली आहेत, तेव्हा आकडे जसेच्या तसे सातवीला लावू नयेत, पण कल स्पष्ट आहे. हार्वर्डमधल्याच २०१९ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: कृतियुक्त वर्गात विद्यार्थी जास्त शिकले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. डोकं खाजवावं लागलं की तसं वाटतं. म्हणून ‘आज काहीच शिकवलं नाही’ असं मुलानं घरी सांगितलं तर खचू नका. त्याच्या वहीतला अंदाज आणि निष्कर्ष पालकसभेत उघडून दाखवा.

ठरवायचंच असेल तर मी असं ठरवीन. पहिल्यांदाच करत असाल किंवा वर्ग साठच्या वर असेल, तर पहिलं सत्र टेबलावरचा प्रयोग आणि वहीतला अंदाज, एवढंच ठेवा. मुलांना अंदाज लिहायची सवय लागली की दुसऱ्या सत्रात परिपथ, चुंबक, माती, बियांचं रुजणं हे धडे बाकावर आणा, प्रत्येक धड्याला एक. आम्ल आणि आग कायम टेबलावरच. वर्ग चाळीसच्या आत असेल तर जूनअखेर शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात बाकावरून सुरुवात करा. आणि त्या गटवार पिशव्यांवर क्रमांक घाला. पिशवी परत घेताना सेल, बल्ब, वायर हे तिन्ही आत आहेत ना, ते मुलांनाच तपासायला सांगा, नाहीतर पुढच्या तुकडीला साहित्य पुरणार नाही.