ड्रॅगसाठी जुनी ऑक्टेव्हिया व्हीआरएस घ्यावी की नवी व्हर्टस जीटी?

रोज कामावर नेता येईल आणि अधूनमधून ड्रॅग स्ट्रिपवरही (४०२ मीटरच्या सरळ शर्यतीच्या पट्ट्यावर) उतरवता येईल, अशी एकच गाडी शोधणाऱ्या इंदूरकरापुढे दोन पर्याय येतात: २०१७ मध्ये मर्यादित संख्येत आलेली व आता जुन्या बाजारातच मिळणारी स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस, किंवा नवी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी. चर्चा नेहमी इंजिनांची होते. माझ्या मते निर्णय गिअरबॉक्स पाहून करावा.

व्हर्टसचे १.५ लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क देते. तिच्या ऑटोमॅटिकमधला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (कोरड्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), म्हणजे डीक्यू२००, मुळात २५० न्यूटन मीटरसाठीच बनवलेला असल्याने तो कारखान्यातून बाहेर पडतानाच आपल्या मर्यादेवर असतो. स्टेज वन रीमॅपने (इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याच्या पहिल्या पायरीने) टॉर्क ३०० च्या पुढे नेला, तर प्रत्येक लाँचची, म्हणजे जागेवरून झटक्यात सुटण्याची, किंमत क्लच मोजतो. ड्रॅगचा विचार असेल तर व्हर्टस मॅन्युअलच घ्यावी.

व्हीआरएसचे २ लिटर इंजिन मुळातच २३० पीएस व ३५० न्यूटन मीटर देते आणि निव्वळ रीमॅपने ३०० पीएसच्या आसपास पोहोचते. तिच्या सहा गिअरच्या डीक्यू२५० मधले क्लच तेलात बुडालेले असल्यामुळे उष्णता बरीच सोसतात. मात्र इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचे सॉफ्टवेअरही ट्यून करावे लागते, आणि दर ६०,००० किलोमीटरला तेल व फिल्टर बदलल्याच्या पावत्या विक्रेत्याकडे मागायलाच हव्यात.

दोन्ही गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह आहेत. सुटताना वजन मागे सरकते, पुढची चाके जागीच फिरतात आणि ४०२ मीटरची वेळ पहिल्या १८ मीटरमध्येच बिघडते. म्हणून एक्झॉस्टच्या आवाजावर खर्च करण्याआधी चांगले टायर घ्यावेत (हा सल्ला कोणालाच आवडत नाही). इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच असल्याने हवा थोडी विरळ आहे. टर्बो ती कसर बरीच भरून काढतो, पण त्यासाठी जास्त राबतो आणि हवा अधिक तापवतो. मे महिन्यात लागोपाठ धावा घ्यायच्या असतील तर मोठा इंटरकूलर (टर्बोने तापवलेली हवा थंड करणारा भाग) दोन्ही गाड्यांना लागेल.

कागदपत्रांत व्हर्टस सोपी आहे. पुण्या-मुंबईहून आणलेल्या व्हीआरएसला तिथल्या आरटीओची एनओसी, मध्य प्रदेशात नवी नोंदणी आणि इथला कर भरावा लागतो. उलट, रीमॅप केलेली व्हर्टस सर्व्हिस सेंटरच्या संगणकाला जोडली की टीडी१ हा (सॉफ्टवेअर बदलल्याची नोंद करणारा) शिक्का बसू शकतो, आणि मग इंजिन व गिअरबॉक्सच्या वॉरंटीवर विसंबता येत नाही.

इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर रात्री शर्यत लावण्याचा विचार दोन्ही गाड्यांबाबत सोडावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीही होऊ शकतात. अधिकृत स्पर्धेत उतरतानाही विमा गृहीत धरू नये, कारण खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते.

माझा कौल व्हीआरएसला आहे, पण सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी मिळाल्या तरच. त्या नसतील तर व्हर्टस मॅन्युअल घ्यावी आणि वॉरंटी संपेपर्यंत ती मूळ ट्यूनवरच चालवावी.