टाकी नको म्हटलं, मोठं कार्ट्रिज घेतलं: आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या घरी प्रिंटरचं काम रोजचं नाही, हंगामी आहे. नाशिकमध्ये इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीचा मी सचिव. दर तिमाहीला देखभालीची बिलं, मध्येच पाणी किंवा लिफ्टची नोटीस, वार्षिक सभेच्या आधी हिशोबाचा गठ्ठा. शिवाय मुलीचे शाळेचे प्रोजेक्ट, जे तिला हमखास रात्री जेवणं झाल्यावर आठवतात. एरवी दोन-दोन आठवडे प्रिंटरवर कापड टाकलेलं असतं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं मत याच वापरावर बेतलेलं आहे.

एम.जी. रोडला जाऊन इंकजेट, म्हणजे शाईचे थेंब उडवून छापणारा प्रिंटर, मागितला की आज समोर टाकीवालाच येतो; त्यात बाटलीतली शाई टाकीत ओतायची असते. दुकानदाराचं चुकत नाही. एप्सनच्या ००३ ची ६५ मिलिलिटरची काळी बाटली घ्या, तिच्यावर कंपनी ४५०० पानं सांगते. कॅननच्या जीआय-७९० ची १३५ मिलिलिटरची काळी बाटली ६००० पानांची. त्यांच्यापुढे एचपी ६८० चं काळं कार्ट्रिज, म्हणजे शाई संपली की बदलायची डबी, ४८० पानांचं आणि कॅननचं पीजी-४७ ४०० पानांचं, आणि कार्ट्रिजमध्ये हे आकडे चांगले मानायचे! पैशांत मांडलं तर माझ्या हिशोबाने टाकीत काळं पान दहा-पंधरा पैशांत पडतं आणि कार्ट्रिजवर दोन रुपयांच्या आसपास.

तरी मी कार्ट्रिजवालाच घेतला. महिन्याची सरासरी शंभरएक पानं, म्हणजे वर्षाला बाराशे. शाईत वर्षाकाठी बावीसशे-तेवीसशे रुपये जास्त जाणार. दोन प्रिंटरांच्या किमतीतला फरक मला सात हजारांचा सांगितला. तो भरून निघायलाच तीन वर्षं लागणार, आणि तेही टाकीवाल्याचं हेड तोवर धड राहिलं तर.

खरी गोम या हेडमध्ये आहे. शाईचे थेंब उडवणारी सूक्ष्म छिद्रं असलेला भाग म्हणजे हेड. या कार्ट्रिजमध्ये ते कार्ट्रिजच्याच तळाशी असतं, त्यामुळे कार्ट्रिज बदललं की हेडही नवं. टाकीवाल्यांत ते प्रिंटरमध्ये बसवलेलं असतं. काहींचं सुटं मिळतं, पण कार्ट्रिजच्या भावात नाही. रोज दहा-वीस पानं काढणाऱ्याचं हेड वाहतं राहतं, त्याला काळजी नाही. आमच्यासारखा पंधरा दिवस न वापरणारा आणि वर नाशिकचा मार्च-एप्रिलमधला कोरडा उन्हाळा, मग शाई छिद्रातच सुकते. मग हेड क्लीनिंग करा, म्हणजे शाई ढकलून छिद्रं मोकळी करा, पुन्हा करा, आणि प्रत्येक वेळी ती शाई वेस्ट पॅडमध्ये, वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत, घाला.

कार्ट्रिजवाल्यांतही सगळे सारखे नाहीत. कॅननचंच पीजी-७४५ १८० पानांचं, त्याचं जास्त शाईचं एक्सएल ३०० पानांचं; उलट पीजी-४७ किंवा एचपीची इंक ॲडव्हान्टेजची कार्ट्रिजं पानामागचा खर्च कमी ठेवण्यासाठीच काढलेली आहेत. म्हणून दुकानात मी आधी कार्ट्रिजचा भाव आणि पानं विचारली, प्रिंटरचा भाव नंतर. चार हजारांचा प्रिंटर आणि हजाराचं दीडशे पानांचं कार्ट्रिज, हा सौदा म्हणजे बाराण्याची कोंबडी आणि रुपयाचा मसाला.

आता वापराबद्दल. खोक्यात आलेली कार्ट्रिजं कमी भरलेली असतात, ती पहिल्या तिमाहीच्या बिलांतच संपली. नंतरच्या मोठ्या काळ्या कार्ट्रिजने छापील आकड्याच्या बरंच आधी मान टाकली. कंपन्यांचे आकडे आयएसओ २४७११ या पद्धतीने, ठरावीक नमुना पानं सलग छापून काढलेले असतात. आमचं बिल म्हणजे चौकटी, ठळक अक्षरं आणि वर सोसायटीचा लोगो. लोगो काढून टाकला आणि रकाने आखणाऱ्या जाड रेषा बारीक केल्या, तेव्हा फरक जाणवला.

ड्राफ्ट मोडने, म्हणजे फिकट छपाईने, शाई वाचते हे खरं, पण मराठीसाठी तो जपून वापरा. बारीक टायपात अनुस्वार आणि रफार पुसट होतात आणि मग आमचे दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा बिल घेऊन थेट दारात येतात. मंगल फॉन्ट असेल तर टाइप एक अंकाने वाढवतो, मग चालून जातं.

पावसाळ्यात जिन्यातल्या नोटिशीवर पाणी गळलं. काळा मजकूर जसाच्या तसा राहिला, लाल मथळ्याचे मात्र ओघळ झाले. काळी शाई पिगमेंट, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या कणांची, रंगीत डाय, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाची, त्याचा हा परिणाम. तेव्हापासून नोटिशीत रंग नाही.

रंगीत कार्ट्रिज हाच या प्रिंटरचा खरा खर्चिक भाग. एचपी ६८० च्या रंगीतला १५० पानं सांगतात, माझ्या प्रिंटरचंही फार वेगळं नाही. तीन रंग एकाच डबीत. प्रोजेक्टमध्ये आकाश-समुद्र छापून निळा संपला की पिवळा-लाल शिल्लक असूनही डबी बाद. रिफिल करून देणारे आहेत, एकदा करूनही पाहिलं. रंग एकमेकांत मिसळले आणि झेंडूची फुलं चॉकलेटी निघाली. काळ्याला रिफिल बरं चालतं.

एक सवय घरात सगळ्यांना लावली आहे. आपल्याकडे झोपण्याआधी भिंतीवरची बटणं पटापट बंद करतात. प्रिंटर आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचा. तसं केलं की हेड जागेवर जाऊन रबरी टोपीखाली झाकलं जातं आणि सुकत नाही. पंधरा दिवसांनी एखादं रंगीत पानही काढतो, काम नसलं तरी.

कुरकुर करावी असं दुसरं एवढंच की पाठपोट आपोआप छापत नाही. आधी विषम पानं, मग गठ्ठा उलटा घालून सम पानं. वार्षिक अहवालाच्या वेळी एक पान चिकटून दुसरं आत गेलं की पुढचा सगळा गठ्ठा चुकतो. दमट हवेत तर हटकून. तेव्हा ७५ जीएसएमचा कागद पाकिटातून आयत्या वेळीच काढतो.

रोज शिकवणीच्या नोट्स छापणारा असेल तर त्याने टाकीवालाच घ्यावा, माझ्या भावालाही तेच सांगितलं. आमचं रंगीत कार्ट्रिज सध्या शेवटच्या टप्प्यात आहे. नवं शाळा उघडल्यावर घेईन; सुट्टीतले फोटो कॉलेज रोडच्या लॅबमधून काढून आणतो, ते घरच्यापेक्षा स्वस्तही पडतात आणि ओल्या बोटाने पुसलेही जात नाहीत.