शाळेच्या पावतीवर शाळेचं नावच नव्हतं

एकूण 4,64,500 रुपये. देणगी 1,50,000. वर्षाला 84,000 प्रमाणे तीन वर्षांची फी 2,52,000. 'साहित्य' या नावाखाली दरवर्षी 12,500. आणि शाळा सोडताना परत मिळेल असं सांगून घेतलेली अनामत 25,000. परत मिळालं शून्य. सगळं उघड्यावर मांडायची लाज वाटते, पण प्रवेशाचे दिवस आलेत आणि ज्या ताईंच्या 'मॉन्टेसरी' शाळेत आम्ही मुलीला तीन वर्षं घातलं, त्याच पुन्हा पालकसभा घेतायत असं कळलं, म्हणून लिहितेय.

शिकलेले असून कसे फसलात, असं सगळे विचारतात. आमची मुलगी आधीच्या बालवाडीत असताना गणवेश दिसला की उलटी करायची. पाच वर्षांच्या पोरीला रोज दोन पानं शुद्धलेखन! ताराबाई मोडकांचं, गिजुभाईंचं बालशिक्षणातलं काम आम्हाला माहीत होतं. न मारता, न घाबरवता मूल शिकतं यावर माझा तेव्हाही विश्वास होता, आजही आहे. हीच नावं घेऊन या ताईंनी आम्हाला गंडवलं. मॉन्टेसरी नाव तर कुणीही पाटीवर लावू शकतं, त्याला अडवणारं कुणी नाही.

सगळ्यात जास्त जळते ती पावती. देणगी रोखच मागितली होती. पावती हातात आली तर वर एका न्यासाचं नाव, खाली 'ऐच्छिक देणगी'. शाळेचं नाव नाही, युडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) नाही. मी बघितलं. विचारलंसुद्धा, "ताई, यावर शाळेचं नाव कसं नाही?" त्या माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "शाळा म्हटलं की तपासणी आली, चौकट आली. तुमच्यासारख्या समजदार पालकांना मी काय सांगू?" समजदार म्हटल्यावर मी गप्प बसले. पावती घडी घालून पर्समध्ये टाकली. तिथेच उठून बाहेर पडायला हवं होतं. नवरा दारातून खुणावत होता, मीच त्याला थांबवलं.

मान्यतेचं काय, तर म्हणे ओपन स्कूलशी, म्हणजे केंद्राच्या मुक्त शिक्षण मंडळाशी, संलग्न आहोत. पुढे मी शोधलं, त्यांच्या केंद्रांच्या यादीत यांचं नाव नाही. आणि ओपन स्कूलमधून दहावीला बसायला 14 वर्षं पूर्ण लागतात, तोवर मूल कोणत्या नोंदीत असणार होतं?

दोन वर्षं मुलगी आनंदात होती, हे खोटं बोलणार नाही. तिसऱ्या वर्षी एका रात्री ती गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचत होती. मी सहज चित्रावर हात ठेवला. ती थांबली. "आई, हात काढ ना, दिसत नाही." पुस्तक पाठ होतं तिला. अक्षरं येतच नव्हती. नऊ वर्षांची पोर! ताईंना विचारलं तर म्हणाल्या, ती तिच्या गतीने फुलतेय. वर्षभरात तिच्या गटाच्या चार शिक्षिका बदलल्या, हे मला तिथल्या मावशींकडून कळलं.

दाखला मागितला तर रंगीत नक्षीचा कागद हातात ठेवला, 'प्रवासपत्र' म्हणे.

मग सरकारी दारं. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात साहेब म्हणाले, "आमच्या यादीत ही शाळाच नाही, मग कारवाई कुणावर करायची?" अहो, यादीत नाही हाच तर गुन्हा आहे! शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 18: विनामान्यता शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड, बंद केली नाही तर दर दिवसाला 10,000. कलम 13: प्रवेशासाठी देणगी घेतली तर रकमेच्या दहा पटीपर्यंत दंड. मी छापून नेलं. त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि जिल्ह्याला जा म्हणाले. जिल्ह्याने अर्ज पुन्हा तालुक्याला पाठवला. पोलीस म्हणाले, दिवाणी प्रकरण आहे, आणि देणगी तुम्ही स्वखुशीने दिलीत ना? धर्मादाय कार्यालयात न्यासाच्या हिशेबाची नक्कल मागितली तर बाई जेवायला गेल्यात, पुढच्या आठवड्यात या. सात महिने, अकरा फेऱ्या, चार रजा. ऑनलाइन तक्रार केली, तीही 'निकाली' दाखवतात! कुणाच्या बाजूने निकाली?

आता प्रवेश घेणाऱ्यांना सांगते: युडायस क्रमांक आधी मागा. 11 अंकी असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. केंद्राच्या 'नो युवर स्कूल' संकेतस्थळावर स्वतः तपासा, त्यांनी फोनवर दाखवलेला फोटो चालणार नाही. रोख देऊ नका. मुलाचा पेन नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक, मागा, टाळाटाळ झाली तर समजा नोंदच नाही. आणि दाखला नाही म्हणून घाबरून तिथेच अडकून राहू नका: वयानुरूप वर्गात प्रवेश हा मुलाचा हक्क आहे. आमच्या वॉर्डातल्या पालिकेच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी एका दिवसात तिला चौथीत घेतलं, पैसा न घेता. त्या रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास तिच्याकडून बाराखडी करून घेतात.

माझ्या देणगीच्या पावतीचा क्रमांक 118 आहे. त्याच पावतीपुस्तकातल्या पावत्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या फाडू नका. लाज बाजूला ठेवा आणि मला कळवा. एकटीच्या अर्जाला कुणी विचारत नाही, वीस पालक एकदम गेलो तर त्यांना कागद सरळ करून वाचावा लागेल.