पुण्यात कॉट बेसिसवर राहायला येताय? आधी लाइटबिल मागा

गेल्या वर्षी एम.एस्सी.साठी पुण्यात आले आणि कर्वेनगरमधल्या एका लेडीज हॉस्टेलात कॉट बेसिसवर, म्हणजे खोली नाही, एका खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन, 15 हजार घालवून बसले. 13 हजार डिपॉझिट आणि 2 हजार परत न मिळणारा ‘मेंटेनन्स’. तिथे आम्ही तेराजणी होतो, म्हणजे नुसतं डिपॉझिटच 1 लाख 69 हजार. कुणाला ही रक्कम किरकोळ वाटेल. सोयाबीनच्या पैशावर हिंगोलीहून शिकायला आलेल्या पोरीच्या घरी ती किरकोळ नसते. जून-जुलैत परत नव्या मुली येतील आणि हा प्रकार वरवर बघून कळत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

फसवणूक म्हटलं की लोकांना वाटतं, फोटो एक दाखवला आणि खोली भलतीच निघाली. इथे तसं काहीच नव्हतं. खोली खरी, पाणी चोवीस तास, गिझर चालू, सोसायटीला वॉचमन. पप्पा स्वतः सोबत होते, त्यांनी नळसुद्धा सोडून बघितले. चालवणारी बाई चाळिशीतली, सगळ्या तिला मॅडम म्हणायच्या. रात्री साडेनऊनंतर गेट बंद, मुलांना वर यायला बंदी, असले नियम तिने पप्पांना इतक्या कडक आवाजात ऐकवले की ते खूशच झाले. “काका, पोरगी माझीच समजा. पण डिपॉझिट आजच टाका, संध्याकाळी लातूरची पार्टी येतेय.” विद्यापीठाच्या हॉस्टेलची यादी लागायची होती, लेक्चर मात्र सुरू झालेली. रोज लॉजचं भाडं भरत कोण थांबणार?

पैसे गेले ते ‘भाच्याच्या’ खात्यावर. हातात आली ती स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या पुस्तकातली पावती, वर हॉस्टेलच्या नावाचा रबरी शिक्का. शिवाय 500 च्या स्टँपपेपरवर नोटरी केलेला करार. त्यात आमची नावं, आधार नंबर, नोटीस पिरियड, भिंतीला खिळा मारल्यास दंड, सगळं होतं. फ्लॅट कुणाचा, एवढंच कुठे नव्हतं.

पहिली शंका आली ती रूम पार्टनरमुळे. तिला स्वाधार योजनेचा अर्ज भरायचा होता. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना या योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60 हजारांपर्यंत मदत मिळते. त्याला भाडेकरार जोडावा लागतो. हा नोटरीचा कागद चालणार नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं. मॅडमकडे नीट करार मागितला तर आज देते, उद्या देते, वकील गावाला गेलाय. ऑगस्टमध्ये तर हॉलमध्येसुद्धा दोन गाद्या पडल्या आणि तिथेही मुली आल्या. त्यांचंही पूर्ण डिपॉझिट घेतलेलं.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात साठीचे एक गृहस्थ आणि मागे सोसायटीचे सेक्रेटरी. “मिसेस कुठायत?” आम्हाला कळेना, कुणाच्या मिसेस. ते आत आले, हॉलमधल्या गाद्या बघितल्या, गॅलरीत वाळत घातलेल्या ओढण्या बघितल्या आणि खुर्चीत बसूनच राहिले. फ्लॅट त्यांचा होता. त्यांनी तो पाच माणसांच्या कुटुंबाला महिना 38 हजारांनी दिला होता, करारात पोटभाडेकरू ठेवायचा नाही असं स्पष्ट लिहिलेलं. जूनपासून त्यांना एक रुपया आला नव्हता. एक लाखाचं डिपॉझिट त्यांच्याकडे होतं, त्यामुळे तेही निवांत होते. मॅडमचा फोन आदल्या दिवसापासून बंद.

आता हिशेब बघा, खरी गोम इथे आहे. तेरा मुलींचे साडेसहा हजारांनी महिन्याला 84,500 जमतात. जूनपासून मालकाचं भाडं थकवायचं, ते त्याच्या डिपॉझिटातून फिटत राहतं आणि तोवर तो आरडाओरडा करत नाही. याच काळात अ‍ॅडमिशनचा सीझन असतो, नवीन डिपॉझिटं जमा होतात. लाख संपत आले की बाई गायब. धंदा बुडाला म्हणून ती पळाली, असं आमच्यातल्या काहीजणींना अजून वाटतं. मला नाही वाटत. बुडणारा माणूस शेवटच्या दिवसांत हॉलमध्ये गाद्या टाकून नवीन डिपॉझिटं घेत नाही.

मालक भले निघाले, पंधरा दिवस राहू दिलं. कायद्याने त्यांच्यावर आमचं काही देणं लागत नव्हतं, कारण आमचा व्यवहार त्यांच्याशी झालाच नव्हता.

पोलीस चौकीत आधी ऐकवलं, “हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा.” मग एका मैत्रिणीच्या वकील मामांनी एकत्र अर्ज लिहून दिला: सगळ्यांच्या पावत्या, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, मालकाच्या कराराची प्रत आणि भारतीय न्याय संहितेचं कलम 318, म्हणजे पूर्वीचं 420. एकटीने गेलं की भाड्याची कटकट वाटते, नऊजणींच्या सह्या आल्या की फसवणूक दिसते. बाकी चौघींच्या घरून ‘पोलिसांच्या भानगडीत पडू नको’ असं आलं. अर्जाच्या प्रतीवर पोहोच म्हणून शिक्का मात्र भांडून घ्या.

आता कामाचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. नुसत्या नोटरीने भागत नाही. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी जागा देणाऱ्याची. ‘हॉस्टेलला करार लागत नाही’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: फ्लॅट तुमच्या नावावर आहे का? असेल तर महावितरणचं बिल किंवा मिळकतकराची पावती दाखवा. नसेल तर मालकाने दिलेला नोंदणीकृत करार आणि पोटभाड्याने द्यायची त्याची लेखी परवानगी दाखवा. आमच्याकडे लाइटबिल दर महिन्याला दाराखालून आत यायचं, त्यावर या गृहस्थांचंच नाव असायचं, आणि मॅडम ते आल्याआल्या उचलून न्यायची. सोसायटीच्या ऑफिसात चौकशी केली तरी पाच मिनिटांत कळतं. वॉचमनला विचारून उपयोग नाही, आमच्या वॉचमनला ती दर महिन्याला काहीतरी देत होती.

जागा न बघताच टोकन मागणारे वेगळेच. ‘आर्मीत आहे, बदली झाली, क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे परत येतील’ असं सांगणारे. पैसे घ्यायला यूपीआय पिन टाकावा लागत नाही. तिथे गेलेच पैसे तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तासाभरात केला तर अडवले जाण्याची शक्यता असते.

दोघींना मॅडमच्या भाच्याकडून अर्धे पैसे आलेत, बहुधा त्याचं खातं गोठवतील या भीतीने. माझे आलेले नाहीत. आणि गेल्या आठवड्यात वारजे भागातल्या एका ‘नवीन’ लेडीज हॉस्टेलची जाहिरात बघितली. नाव वेगळं, नंबर वेगळा, पण नियमांच्या यादीत खिळ्याचा दंड शब्दन् शब्द तोच. ती आम्ही अर्जाला जोडायला नेऊन दिली आहे. त्या बाजूला कॉट बघत असाल तर करारातलं ते कलम आधी वाचा.