रग्बी युरोपचं ऑनलाइन चॅनल, सुपर कपसाठी घ्या (5 पैकी 4 स्टार)

गुहागरला आमच्या मंडळात मी कबड्डीचा सराव घेतो, रग्बी पुण्यात शिकत असताना दोन वर्षं खेळलो तेवढीच. गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परतले, घर एकदम सुनं सुनं झालं, तेव्हा रात्री जेवल्यावर मोबाईलवर रग्बी युरोपचं, म्हणजे युरोपातल्या रग्बी संघटनेचं, चॅनल लावलं आणि सुपर कपचे जुने सामने बघत बसलो, आता रोजचंच झालंय.

आपल्याकडे रग्बी म्हणजे न्यूझीलंडचा सामन्याआधीचा हाका नाच, बाकी फारसं कुणाला माहीत नसतं. युरोपात इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड वगैरे सहा देशांचं आपापसात घट्ट जमलेलं आहे, मोठे क्लब त्यांचे, मोठे कपही त्यांचेच. जॉर्जिया, पोर्तुगाल, स्पेन, बेल्जियम, नेदरलँड्सवाले बाहेर ओटीवर बसलेले. त्यांच्यासाठी 2021 मध्ये आठ संघांचा हा सुपर कप काढला. पहिल्याच मोसमात, 2022 च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि त्यात खेळणारे रशियाचे दोन्ही संघ बाहेर काढावे लागले. नवीन स्पर्धेचं बस्तान बसायच्या आधीच आठाचे सहा झाले की काय होत असेल त्यांचं!

बघताना मला राहून राहून आपली कबड्डीच आठवत होती. जॉर्जियाचा चांगला पोरगा जरा नावारूपाला आला की फ्रान्सला जातो, तिथे वरच्या दोन लीगमध्येच 30 क्लब आहेत, पगार रोख आणि वेळेवर. पोर्तुगालचंही तेच. 2023 च्या वर्ल्ड कपात त्यांनी फिजीला 24-23 हरवलं, त्या संघातले कितीतरी जण फ्रान्समध्येच खेळणारे. म्हणजे देशाची टीम तगडी आणि घरचे क्लब पोकळ. आमच्याकडे वेगळं काय आहे, बरा चढाई करणारा पोरगा मुंबईला नोकरीवर घेतात, मग शिमग्याला आला की दोन दिवस आमचा. परवाच मैदानावर फक्की मारून रेषा आखल्या आणि मोजलं तर सरावाला पाचजण.

यावर उपाय म्हणून जॉर्जियाने ब्लॅक लायन नावाचा संघ काढला, घरच्या पोरांना घरीच वरच्या दर्जाचं खेळायला मिळावं म्हणून. यांचा स्क्रम नक्की बघा. आठजण खांद्याला खांदा लावून वाकतात, बॉल आत येतो, क्षणभर काहीच हलत नाही आणि मग समोरचे हळूहळू मागे सरकायला लागतात, बुटांखाली चिखलात नांगरल्यासारखे चर पडतात. पहिले दोन सुपर कप यांनीच घेतले. 2023 च्या मोसमात त्यांना चॅलेंज कपात, म्हणजे युरोपच्या मोठ्या क्लबांच्या दुसऱ्या नंबरच्या स्पर्धेत, बोलावलं आणि तिथे वेल्सच्या स्कार्लेट्सना त्यांनी हरवलं! पण ते बोलावणं होतं, हक्काची जागा नव्हती, हे मला फार लागतं. 2018 मध्ये जर्मनीच्या हायडेलबर्गने तर मैदानावर खेळून चॅलेंज कपची जागा मिळवली होती, पण त्यांना पैसा पुरवणारा माणूसच फ्रान्सच्या एका क्लबचा मालक, म्हणून नियमात अडकले आणि जागा रोमानियाच्या तिमिशोआराला गेली. खेळाडूंनी काय करायचं?

अजून एक, हे संघ खरे गावचे क्लब नाहीत, देशातले निवडक खेळाडू एकत्र करून बनवलेत. ब्रसेल्स डेव्हिल्स नाव छान आहे पण बापाने खांद्यावर बसवून ज्या क्लबची मॅच दाखवली तो क्लब हा नव्हे, माणसं कशी जीव लावणार. एक स्टार त्याचाच कापला. त्यात जॉर्जियाच्या तिबिलिसीहून पोर्तुगालच्या लिस्बनला जायचं म्हणजे अख्खा युरोप ओलांडायचा, तेवढा खर्च भरून यायला तिकिटं तरी तेवढी खपायला हवीत ना.

चॅनलबद्दल माझी तक्रार नाही, जुना सामना पूर्ण बघता येतो, मागेपुढे करून स्क्रम पुन्हा बघता येतो, मला शिकवायला तेवढं पुरे. त्रास दिला तो इथल्या ब्रॉडबँडवाल्याने, जरा पाऊस आला की लाईन बंद आणि फोन केला की "उद्या माणूस पाठवतो". तीन दिवसांनी आला.

बघायचंच असेल तर सुरुवात ब्लॅक लायनपासून करा, त्यानंतर स्पेनमधल्या वायादोलिदच्या इबेरियन्सचे सामने घ्या, पळता खेळ आवडणाऱ्यांना ते जास्त आवडतील. रविवारी मंडळाच्या खोलीत टीव्हीला जोडून पोरांना टॅकल दाखवणार आहे, आमचे कोपरारक्षक कंबरेत हात घालताना डोकं चुकीच्या बाजूला ठेवतात ते मला यातूनच सुधारून घ्यायचंय.