वेर्ण्याचा प्लांट की मुंबईतली डील?

पणजीच्या फार्मसी कॉलेजातून बी.फार्म. झालं की सरळ वाट वेर्णा औद्योगिक वसाहतीची: क्वालिटी विभाग, शिफ्ट, यूएसएफडीएची (अमेरिकेच्या औषध नियामकाची) तपासणी आणि घरचं माशाचं हुमण. दुसरी वाट एमबीए करून मुंबईत फार्मा-बायोटेकच्या इन्व्हेस्टमेंट बँकिंगची, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार जुळवण्याची. पगार बराच जास्त, पण घरी जायला मध्यरात्र.

२०१४ साली सन फार्माने रॅनबॅक्सी कर्जासह सुमारे ४ अब्ज डॉलरला घेण्याचं जाहीर केलं, तेव्हा रॅनबॅक्सीच्या चार कारखान्यांच्या मालाला यूएसएफडीएच्या तपासणीनंतर अमेरिकेत बंदी होती. अशा कंपनीचं मोल ठरवताना तपासणी अहवाल समजावाच लागतो, आणि तो प्लांटमध्येच खरा समजतो. म्हणून मी म्हणेन, आधी दोन-तीन वर्षं वेर्णा, मग मुंबई. बायोटेकला मात्र हे पुरत नाही. तिथे बहुतेक मॉलिक्यूल (औषध होऊ पाहणारे नवे रेणू) मानवी चाचण्यांत बाद होतात, ती शक्यता धरूनच व्हॅल्युएशन करायला शिकावं लागतं.